व्हीएचएफ कॉन्टेस्टमध्ये निव्वळ एफएम रिग असलेल्यांनाही स्थान असावं का?

एडिसनकर

जूनमधली एआरआरएलची (अमेरिकेतल्या हौशी रेडिओ संघटनेची) व्हीएचएफ कॉन्टेस्ट, म्हणजे 50 मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या बँडवर जास्तीत जास्त संपर्क करायची स्पर्धा, जवळ आली की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींत हा वाद निघतोच. माझी बाजू सरळ मांडतो. ज्यांच्याकडे फक्त एफएम रिग (रेडिओ संच) आहे, त्यांनी बिनधास्त उतरावं. आणि एसएसबीवर, म्हणजे आवाज पाठवण्याच्या दुसऱ्या, अरुंद मोडवर बसणाऱ्या मोठ्या स्टेशनांनी अधूनमधून एफएमवर येऊन त्यांना हाक द्यावी.

नियम आड येत नाहीत. संपर्क एसएसबीवर झाला काय नि एफएमवर झाला काय, गुण तेवढेच: 50 आणि 144 मेगाहर्ट्झला एक, 222 आणि 432 ला दोन. त्यांच्या बेरजेला संपर्क झालेल्या ग्रिडच्या (नकाशावरच्या चौकटींच्या) संख्येनं गुणायचं. निव्वळ एफएमवाल्यांसाठी वेगळा गटही आहे. रिपीटरमधून (आवाज पकडून पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनातून) झालेला संपर्क तेवढा धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता आपला परिसर बघा. एक ग्रिड म्हणजे दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश. 74 अंश पश्चिम ही रेषा मॅनहॅटनच्या दक्षिण भागातून जाते. त्यामुळे एडिसन एफएन20 मध्ये, तर क्वीन्स आणि ब्रुकलिनचा बहुतांश भाग एफएन30 मध्ये. 41 अंश उत्तरेच्या वर गेलं की एफएन21 आणि एफएन31. फिलाडेल्फियाचं सिटी हॉल 40 अंशांच्या किंचित खाली, म्हणजे तिथे आणखी वेगळा ग्रिड. इतके ग्रिड इतक्या दाट वस्तीत एकमेकांना खेटून आहेत, तिथे 50 वॉटची गाडीतली रिग आणि उभी यागी (एका दिशेने रोखायचा अँटेना) घेऊन 1,803 फुटांच्या हाय पॉइंट शिखरावर गेलेला माणूस चांगला लॉग (संपर्कांची नोंदवही) भरू शकतो. फक्त समोरून उत्तर आलं पाहिजे.

टेक्निशियन हा पहिल्या पायरीचा परवाना नुकताच काढलेल्याच्या हातात पहिल्यांदा येते ती हँडी, म्हणजे हातात मावणारा एफएम संच. तो दुपारभर कॉल देत राहिला आणि कुणी ओ दिली नाही, तर पुढच्या वर्षी तो कशाला येईल?

आडवी यागी

माझा विरोध माणसांना नाही, मोडला आहे. एफएम रिसीव्हरचा फिल्टर साधारण 15 किलोहर्ट्झ, एसएसबीचा अडीच. सहापट रुंद खिडकी म्हणजे सहापट नॉइज, जवळजवळ 8 डीबीचा (डेसिबलचा) तोटा इथेच झाला. त्यात एफएमचा उंबरठा. एसएसबीवर नॉइजमध्ये बुडालेला आवाजही कान देऊन, दोनदा विचारून लॉगमध्ये घेता येतो. एफएमवर सिग्नल उंबरठ्याखाली गेला की नुसती खरखर. शिवाय एसएसबीवाल्यांचे अँटेना आडवे, एफएमवाल्यांचे उभे. त्या फरकात आणखी 20 डीबीच्या आसपास जातात.

ही कॉन्टेस्ट दूर पोचण्यासाठी आहे. जूनमध्ये 6 मीटरवर (50 मेगाहर्ट्झवर) स्पोरॅडिक ई (लहरी वरच्या वातावरणातून परतून दूर पोचण्याचा प्रकार) उघडतो आणि कधी कधी दहा मिनिटांत मिटतो. तेव्हा मी 146.52 वर (एफएमवर हाक द्यायच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर) शेजारच्या गावाशी बोलत बसलो, तर वर्षभर टॉवरवर केलेली मेहनत वाया गेली. ज्याला खरंच रस आहे त्याने जुनी एफटी-817 ही छोटी रिग शोधावी. 5 वॉटच देते, पण एसएसबी आहे. छतावर आडवा लूप लावला की वेगळंच जग ऐकू येतं.

डोंगरवेडी

तुमचे 8 डीबी मान्य, पण ते कुठे मोजायचे ते बघा. दोन टोकांमध्ये मोकळी दृष्टिरेषा असेल तर 144 मेगाहर्ट्झवर 100 किलोमीटरला साधारण 116 डीबी घट होते. 5 वॉट म्हणजे 37 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत डीबी). अँटेनाची वाढ शून्य धरली तरी पलीकडे उणे 79 डीबीएम पोचतात, आणि साध्या हँडीला उणे 115 पुरतात. छत्तीस डीबी शिल्लक! त्यातून आडव्या-उभ्याचे 20 वजा केले तरी बोलणं स्वच्छ होतं.

म्हणून शिखरावरच्या माणसाला मोड फारसा अडवत नाही, त्याला अडवतो तो समोरचा शांत बँड. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या सोटा उपक्रमात लोक शिखरावर जाऊन 2 मीटर (144 मेगाहर्ट्झ) एफएमवर संपर्क करतात, तिथे ही गोष्ट कधीच सिद्ध झाली आहे. मी हँडी आणि गुंडाळून नेता येणारा जे-पोल अँटेना घेऊन चढते. एसएसबीची रिग, बॅटरी आणि आडवी यागी पाठीवर घेऊन चढा असं मला सांगणाऱ्यांनी एकदा सोबत यावं, मनापासून बोलावते आहे.

सिंहगड पायथा

पुण्याहून लिहितोय. आपल्याकडे 2 मीटर म्हणजे 144 ते 146, त्यामुळे तुमची 146.52 आमच्या बँडबाहेर. पण मुद्दा आमचाही आहे. इथे बहुतेकांच्या हातात एफएमच असतं. 74 अंश पूर्व रेषा लोणी काळभोरच्या आसपास जाते, तिच्या अलीकडे एमके68, पलीकडे एमके78. 19 अंशांवर, दादरच्या जरा खाली, एमके69 सुरू. सिंहगडावरून सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट) लावून हे सगळे ग्रिड खेळता येतील. एफएम वगळून कॉन्टेस्ट भरवली तर इथे लॉगमध्ये नावं किती उरतील?

शांत चॅनेल

146.52 बद्दल कुणी काळजीने बोलत नाही, म्हणून लिहिते. डोंगरात फिरणारे हॅम वाइल्डरनेस प्रोटोकॉल पाळतात: सकाळी 7 पासून दर तीन तासांनी, तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं तिथे कान लावायचा. कुणाचा पाय मोडला, वाट चुकली, तर हाक तिथेच येणार. जुन्या नियमांत या फ्रिक्वेन्सीवर कॉन्टेस्टचे संपर्क चालतच नसत. आज ती मुभा असली तरी तिथे सलग ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ (स्पर्धेसाठी सगळ्यांना हाक) करणं मला पटत नाही. 146.55 आणि 146.58 रिकामे पडलेले असतात, तिथे जा.

एडिसनकर

@शांत चॅनेल, पूर्ण सहमत. 146.55 च धरू.

@आडवी यागी, ब्रिटनच्या आरएसजीबीने (तिथल्या हौशी रेडिओ संघटनेने) काढलेला मार्ग बघा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी 144 ची मुख्य स्पर्धा असते, आणि तिच्याआधी तासाभराची निव्वळ एफएमची स्पर्धा. हँडीवाल्याला ठाऊक असतं की या तासात सगळे इथेच भेटतील. जूनमध्येही शनिवारी रात्रीचा एक तास आपसांत ठरवता येईल. नियम बदलायचीसुद्धा गरज नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. एफटी8 हा संगणकाने वाचायचा डिजिटल मोड आल्यापासून 50.313 वर (6 मीटरवरच्या त्याच्या जागी) इतकी गर्दी असते की 144.200 वर (2 मीटरवर एसएसबीची हाक द्यायच्या जागी) कॉल देऊन तुम्हालाही शांतताच मिळते, हे तुम्हीच मागे बोलला होतात. बोलणारी नवी माणसं हवी असतील तर ती आज एफएमवर उभी आहेत.

आडवी यागी

एफटी8 चं दुखणं खरं आहे, त्यावर वाद नाही. सिग्नल नॉइजच्या 20 डीबी खाली असला तरी ते वाचतं, त्यामुळे आवाजाने बोलायचा कंटाळा करायला कारण मिळालं. पण त्यावर एफएम हा उपाय मला पटत नाही. नवा माणूस 146.55 वर दहा गावं मिळवून खूश झाला, तर तो एसएसबीकडे कधी वळणार? त्याला 8 डीबी काय असतात ते कानाने कळलंच पाहिजे.

डोंगरवेडी

आधी तो बँडवर टिकू दे, मग कळेल. तुमच्या टॉवरवर बाजूला एक उभा अँटेना आणि टेबलावर एक साधी एफएम रिग, आवाज उघडा ठेवून. 6 मीटर उघडला तर आम्ही थांबू, कुणाची तक्रार नसेल.

आडवी यागी

दुसरी रिग आणि उभा अँटेना लावतो. 146.55, शनिवारी रात्री 9 ते 10. त्या तासात 6 मीटर उघडला तर मात्र मी उठून जाणार.