बॅरन फान स्वीटन आणि रविवारची दुपार

संगीतकारांच्या आश्रयदात्याचं काम थैली सैल करण्यापुरतंच असे, हे मत मला पटत नाही. व्हिएन्नाच्या बॅरन गॉटफ्रीड फान स्वीटनचंच बघा. १७७० ते १७७७ तो ऑस्ट्रियाचा राजदूत म्हणून बर्लिनला होता. तिथे त्याला बाख-हँडेलच्या जुन्या संगीताची गोडी लागली. १७८२च्या सुमारास दर रविवारी दुपारी बारा वाजता त्याच्याकडे बैठक भरे. तिथे हँडेल आणि बाखखेरीज काहीच वाजत नाही, असं मोत्सार्टने वडिलांना कळवलंय. बाखच्या फ्यूगांशी (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागोमाग गुंफत नेणाऱ्या रचनांशी) मोत्सार्टची खरी ओळख झाली ती या बैठकांत, आणि त्याच्या नंतरच्या रचनांत ती स्पष्ट ऐकू येते. केवढं मोठं देणं हे! हायडनच्या 'द क्रिएशन' या मोठ्या गायनरचनेचे जर्मन शब्दही बॅरनचेच, आणि बेथोव्हनची पहिली सिम्फनी त्यालाच अर्पण केलेली आहे.

५ डिसेंबर १७९१ला मोत्सार्ट गेला. नेमकं त्याच दिवशी बॅरनचं सरकारी पद गेलं, तरी अंत्यविधीची व्यवस्था त्यानेच पाहिली. विधी साधा झाला म्हणून त्याला कंजूष ठरवतात, हा सरळ अन्याय आहे. त्या काळच्या व्हिएन्नात सामान्यांचे अंत्यविधी तसेच होत.