टर्बोच्या गाडीला हीट रॅप गुंडाळू का?

जळगावची_लॉरा
नमस्कार मंडळी. जुनी स्कोडा लॉरा आहे, १.८ टीएसआय टर्बो पेट्रोल. रोजचं जळगाव-भुसावळ. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सिग्नलला थांबताच बॉनेटमधून भट्टीसारखी झळ येते. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे, त्यामुळे पायापाशीही गरम लागतं. त्यात क्लचचं काम करताना एका गॅरेजवाल्याने डाऊनपाइपवरचं (टर्बोतून खाली जाणारा एक्झॉस्टचा पाइप) उष्णता अडवणारं पत्र्याचं शील्ड काढून ठेवलं, "खडखडतं" म्हणून, ते परत बसवलंच नाही. आता ऑनलाइन हीट रॅप, म्हणजे पाइपला गुंडाळायची फायबर ग्लासची पट्टी, स्वस्तात मिळतेय. मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा धूर गोळा करून टर्बोत नेणारा भाग), टर्बो, डाऊनपाइप सगळंच गुंडाळून टाकावं म्हणतो. पिकअप पण वाढतो म्हणे. कुणी केलंय का?

धरणगावकर
बिनधास्त कर भो. मी बुलेटला गुंडाळली, जाम भारी दिसते.

लॅगिंगवाले_काका
बुलेटला टर्बो नसतो भाऊ, तो हिशेब इथे लावू नका.

माझी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली, बॉयलर मेंटेनन्समध्ये. तिथे मुख्य वाफेचा पाइप ५४० अंशांच्या आसपास चालतो आणि त्यावर जाडजूड रॉकवूल चढवलेलं असतं, त्याला लॅगिंग म्हणतात. बाहेरून गारवा वाटला तरी खालचा पाइप आतल्या वाफेइतकाच तापलेला असतो. ते धरूनच त्याचं पोलाद निवडतात. तुमचा मॅनिफोल्ड ओतीव, आणि त्याने थोडी उष्णता हवेत सोडावी हे गृहीत धरून केलेला. पट्टी गुंडाळली की ती वाट बंद.

पेट्रोल टर्बोला दाबून पळवलं की एक्झॉस्टचा वायू ९०० अंशांच्या घरात जातो. साधी फायबर ग्लासची पट्टी सतत साडेपाचशे-साडेसहाशेपर्यंतच टिकते. आधी पट्टी ठिसूळ होऊन झडेल, आणि चांगल्या प्रतीची आणून टिकवलीत तर मॅनिफोल्डला चीर जाण्याची भीती. या इंजिनात मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं (टर्बोतलं एक्झॉस्टने फिरणारं चाक) घर एकाच ओतकामात येतं. चीर गेली तर खर्च टर्बोचाच.

टर्बोच्या मधल्या भागावर, जिथे बेअरिंग आहेत, चिंधीसुद्धा नको. तो ऑइल आणि कूलंटवर थंड राहतो. तिथे उष्णता कोंडली की ऑइल करपून आत कोळसा धरतो.

पिकअपचं म्हणाल तर तत्त्व खोटं नाही. टर्बाइनच्या आधी वायू जितका गरम, तितका त्यात जोर. पण डाऊनपाइप टर्बाइनच्या नंतर येतो. तिथे गुंडाळून आजूबाजूचं रबर, प्लॅस्टिक, वायरिंग वाचेल, गाडी पळायची तेवढीच पळेल.

आणखी एक. लॅगिंगवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकतात, पाणी आणि तेल मुरू नये म्हणून. गाडीच्या पट्टीवर तसं काहीच नसतं. तेल मुरलेलं लॅगिंग पेट घेतं हे कुठल्याही वीज केंद्रातला फिटर सांगेल. टॅपेट कव्हर किंवा टर्बोची ऑइलची नळी पाझरत असेल तर पट्टीचं नावही काढू नका.

जुन्या जिनिंगमधली अ‍ॅसबेस्टॉसची दोरी कुणी फुकट देऊ केली तर हात लावू नका. तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, आणि ते बाहेर निघत नाहीत.

माझं मत: आधी शील्ड परत बसवा. पत्रा आणि पाइप यांच्यामधली मोकळी हवा निम्मं काम करते, तेही धातूला न छळता.

जळगावची_लॉरा
काका, मग फक्त डाऊनपाइपला चालेल? शील्ड मिळेपर्यंत तरी?

धुयाना_सायलेन्सरवाला
चालेल. आमना धुयामा पोरं बठ्ठा गुंडायतस, मंग पावसाळामा गंजेल पाइप लई येतस! साधा लोखंडी पाइप असेल तर गुंडाळूच नका, चिखलपाणी आत धरून ठेवतो. स्टेनलेसचा असेल तर बसाल्टची २ इंची पट्टी घ्या, थोडी महाग पडते. पाव इंच एकावर एक चढवत ताणून गुंडाळा, स्टेनलेसच्याच टायने आवळा. कॅटचा डबा (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर, जाळीचा लवचीक तुकडा आणि फ्लँजचे, म्हणजे पाइपच्या जोडाचे, बोल्ट मोकळे ठेवा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर खाजवत बसाल. पहिल्यांदा तापल्यावर धूर निघेल, घाबरू नका. धूर थांबलाच नाही तर मात्र इंजिन बंद करून बघा.

लॅगिंगवाले_काका
यांचं बरोबर आहे. आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी गार करतो तो) पाहिलात का? आपल्याकडे रस्त्याची धूळ, कपाशीची कुसं, किडे सगळं त्याच्या जाळीत अडकतं. उन्हाळ्यात गाडी मरगळते ती बऱ्याचदा त्यामुळे. कमी दाबाच्या पाण्याने धुवा, सर्व्हिसिंगचा प्रेशर जेट लावलात तर पात्या वाकतील.

जळगावची_लॉरा
रविवारी तेच करतो. शील्डसाठी अजिंठा चौफुलीला भंगारवाल्यांकडे चौकशी करून येतो.

धुयाना_सायलेन्सरवाला
शील्ड जुनं घेतलं तर बोल्टची भोकं फाटलेली नाहीत ना ते बघा. फाटली असतील तर मोठे वॉशर टाका, खडखड तिथूनच येते.