माणसावर परिणाम न तपासलेलं औषध फक्त प्राण्यांवरच्या पुराव्यावर मान्य करावं का?

अमळनेरची_फार्मसीवाली
एम. फार्मच्या वर्गात या प्रश्नावर वाद झाला आणि ‘हो’ म्हणणारी मी एकटी निघाले. इथे जळगाव-धुळे-नंदुरबारचे बरेच जाणकार आहेत, म्हणून माझं म्हणणं मांडते.

किरणोत्सर्गाचा मोठा डोस एकदम सगळ्या अंगावर आला की पहिला फटका अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या गराला बसतो. आधी उलट्या होतात, मग काही दिवस माणसाला बरं वाटतं. तेच फसवं असतं, कारण आतून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरत असतात. पुढे जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. साधारण ४ ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) आसपासच्या डोसला उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात १९८६ मध्ये हा आजार १३४ जणांना झाल्याचं नक्की झालं, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांतच गेले.

यावरचं औषध माणसावर कसं तपासणार? मुद्दाम कुणाला किरणं देता येत नाहीत. म्हणून २००२ मध्ये औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने नियम केला, की अशा वेळी परिणामाचा पुरावा प्राण्यांवरचा चालेल. त्या वाटेने २०१५ मध्ये फिलग्रॅस्टिमला, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या सुईला, या आजारासाठी मान्यता मिळाली. ऱ्हीसस माकडांवरच्या प्रयोगात औषध न दिलेल्या २२ पैकी ९ जगली, औषध दिलेल्या २४ पैकी १९. हा फरक मला फार मोठा वाटतो.

गुरांचा_डॉक्टर (यावल)
ताई, तुमचा आकडा मी उलटा वाचतो. न दिलेल्या २२ पैकी १३ मेली. ताप, तोंडात फोड, जुलाब, रक्तस्राव, अशी मेली. जनावराचे हाल रोज हाताखाली बघणाऱ्याला ‘नियंत्रित गट’ (औषध न दिलेला) हे दोन शब्द वाचून पुढे जाता येत नाही.

आणि प्राणी बदलला की हिशेब बदलतो. कुत्रा अडीच-तीन ग्रेला खचतो, उंदराच्या कितीतरी जाती सात-आठ ग्रेपर्यंत तग धरतात. उंदीर महिन्याभरात मरतो किंवा वाचतो, माणसाचं दोन महिने चालतं. मग कुणाचा डोस माणसाला लावणार? कालवडीचं औषध मी शेळीला नुसतं वजनाच्या हिशेबाने देत नाही. तुम्ही माकडाचं माणसाला देऊ म्हणता.

अमळनेरची_फार्मसीवाली
डॉक्टरसाहेब, हालांबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण न दिलेला गट नसता, तर जगलेली १९ औषधामुळे जगली की नुसत्या अँटिबायोटिक आणि रक्तामुळे, हे कसं कळलं असतं? त्या प्रयोगात दोन्ही गटांना अँटिबायोटिक, सलाईन, रक्त दिलं होतं.

दुसरं असं, की फिलग्रॅस्टिम माणसाला नवं नव्हतं. १९९१ पासून ते केमोच्या रुग्णांना देतात. सुरक्षितता माणसात कळलेली होती, प्रश्न फक्त या आजारात जीव वाचतो का एवढाच होता. नियमही तेच सांगतो: सुरक्षितता माणसातच तपासायची, औषध काम कसं करतं ते समजलेलं हवं, आणि सहसा एकाहून जास्त जातींच्या प्राण्यांत परिणाम दिसायला हवा.

रावेरचा_केळीवाला
ही सुई आमच्या घरी होती. बायकोला केमो चालू असताना पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तिची कंबर आणि मांड्यांची हाडं इतकी ठणकायची की रात्रभर मी शेकत बसायचो. पण पेशी वर आल्या. आज ती मळ्यात येते.

मला वादातलं फार कळत नाही. मी एवढं पाहिलं की ती सुई थंडच ठेवावी लागते. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, जळगावहून बर्फाच्या डब्यात आणायची आणि घरी आलो की लाईट गेलेली. उद्या शेकडो लोकांना एकदम लागली, तर ती ठेवणार कुठे, हेही कुणीतरी बोला.

तुळशीचा_अभ्यासक
परदेशी सुईच्या मागे कशाला लागायचं? मणिपालला तुळशीच्या पानांच्या अर्कावर उंदरांत काम झालंय, किरणं देण्याआधी अर्क दिलेले उंदीर जास्त जगले. दिल्लीच्या इन्मास या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत हिमालयातल्या वनस्पतींवर काम झालं. हे लोकांपर्यंत का पोचवत नाही?

अमळनेरची_फार्मसीवाली
दादा, ते काम खरं आहे आणि चांगलं आहे. पण उंदरापुढे माकड, माकडापुढे माणसातली सुरक्षितता, असा रस्ता अजून चालायचाय. आणि तो अर्क किरणांच्या आधी दिला होता. अपघात सांगून येत नाही.

आधी द्यायच्या औषधांत सगळ्यात जास्त अभ्यास अमिफोस्टिनचा झाला. अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड संस्थेने हजारो रसायनं चाळून ते काढलं. ते दिल्यावर उंदीर मरायला लागणारा किरणांचा डोस अडीच पटींच्याही वर गेला. माणसात ते रेडिएशनच्या उपचाराआधी लाळग्रंथी वाचवायला देतात, पण शिरेतून, आणि उलट्या होतात, रक्तदाब पडतो. उंदरांतला तो आकडा बघून कुणी गोळी खिशात ठेवायला दिली असती, तर पोलीस आणि अग्निशमनवाले मदतीला जातानाच चक्कर येऊन पडले असते. म्हणून घाई नको म्हणते मी.

गुरांचा_डॉक्टर (यावल)
मग ताई, तुम्ही माझ्याच बाजूला आलात की.

वरणगावचे_निवृत्त_आबा
अर्धीमुर्धी आली असेल पोरगी, पण तिचं म्हणणं वेगळं शे.

मी औष्णिक वीज केंद्राच्या कामांवर वेल्डिंगची तपासणी केली. बॉयलरच्या नळ्यांचे सांधे इरिडियम या किरणोत्सर्गी धातूच्या किरणांनी तपासायचे. रात्री काम, चारी बाजूंनी दोरी, छातीवर अंगावर किती किरणं आली ते मोजणारा फिल्म बॅज. काम संपलं की मीटर घेऊन आधी बघायचं, सोर्स, म्हणजे तो इरिडियमचा तुकडा, डब्यात परत गेला का. खान्देशात युद्धाचं भय नंतरचं, भंगाराचं आधी. दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट आला आणि एक माणूस गेला. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये भंगारात किरणोत्सर्गी सीझियम निघालं, चार गेले. निळा उजेड दिसतो म्हणून लोकांनी ती पूड घरी नेली होती.

औषध असूदे. पण भुसावळ-जळगावच्या भंगारवाल्याला तीन पाकळ्यांचं ते पिवळं चिन्ह ओळखता येतं का, हे आधी विचारा.

गुरांचा_डॉक्टर (यावल)
आबा, याला माझी पूर्ण सहमती. ताईंना एकच विचारतो. फिलग्रॅस्टिम माणसाला ओळखीचं होतं म्हणून तुम्ही मानलंत. औषधाचा रेणू अगदी नवा असेल, माणसाच्या कुठल्याच आजारात कधी वापरलेला नसेल, तर?

अमळनेरची_फार्मसीवाली
तर निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षितता तपासल्याशिवाय नाही. आणि अपघातात वापर झालाच, तर प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्याच्या अटीवर. ही अट त्या नियमातही आहे, मान्यतेनंतर संधी मिळेल तेव्हा माणसातला परिणाम तपासायचा. त्या १३ माकडांचं ऋण फिटायचं असेल तर ही नोंद कुणीही चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

गुरांचा_डॉक्टर (यावल)
नोंदीचं पटलं. माकडांचं अजून नाही पटलं. कॉलेजात प्राणी-नीतिसमितीची बैठक असेल तेव्हा बोलवा, मी येतो.