जुलाब थांबले तरी मुलीचे वजन का वाढत नाही?

प्रश्न (खानापूर तालुका)
माझ्या धाकट्या जावेची मुलगी १४ महिन्यांची असून तिचे वजन ७ किलोंवरच अडकले आहे. पावसाळा लागल्यापासून तिला तीनदा जुलाब झाले आणि एकदा खोकल्यासह ताप आला. जुलाब लागले की सासूबाई पोटाला विश्रांती हवी म्हणून तिला चार-पाच दिवस नुसत्या पेजेवर ठेवतात. हे सारे दात येत असल्यामुळे होते, असे त्यांचे ठाम मत आहे. तायी कार्डावरचा (कर्नाटकातले आई-बाळाच्या आरोग्य नोंदीचे सरकारी कार्ड) मजकूर कन्नडमध्ये असल्याने जावेला वाढीचा तक्ता वाचता येत नाही. मुलगी अशक्त आहे म्हणून आजारी पडते, की आजारपणामुळे अशक्त झाली आहे?

उत्तर (बेळगाव, निवृत्त बालरोगतज्ज्ञ)
दोन्ही खरे आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. तापात भूक मरते, पण शरीराची गरज वाढते, म्हणून स्नायू झिजू लागतात. जुलाबात आतड्याचे अस्तर खराब झाल्याने खाल्लेले पुरते शोषले जात नाही आणि जस्तही वाहून जाते. जस्त व अ जीवनसत्त्व कमी पडले की अस्तर भरून यायला वेळ लागतो, प्रतिकारशक्ती मंदावते आणि आधीची झीज भरून निघण्यापूर्वीच पुढचे दुखणे येते. पाच वर्षांखालील मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हे मृत्यू मुख्यतः कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. नोंद मात्र बहुधा न्यूमोनियाची किंवा जुलाबाची होते.

दातांचा दोष नाही. याच वयात मूल रांगते, हाती लागेल ते तोंडात घालते आणि वरचे अन्न-पाणी घेऊ लागते, त्यातून जंतू पोटात जातात. पेज द्यायला हरकत नाही, पण ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही. जुलाब चालू असतानाही अंगावरचे दूध, तेल घातलेला मऊ वरणभात, नाचणीची खीर, अंडे असे थोडे थोडे द्यावे आणि बरे वाटल्यावर किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण घालावे. अर्धे पाकीट किंवा अंदाजाचे पाणी नको. सोबत जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस द्यायची असते, पण जुलाब थांबताच ती बंद करणारी घरे मी अनेक पाहिली.

उत्तर (निपाणी, अंगणवाडी कार्यकर्ती)
ताई, या वयाच्या मुलीचे मध्यम वजन ९.४ किलो धरतात, ७.४ च्या खाली कमी वजन आणि ६.६ च्या खाली तीव्र कमी वजन. कार्डाची भाषा येत नसली तरी बिंदू जोडणारी रेघ वर जाते की आडवी होते, एवढे कोणालाही दिसते. अंगणवाडीत दंडाचा घेरही मोजून घ्या. आमच्याकडे आई दिवसभर विड्या वळत बसते आणि धाकट्याला सात-आठ वर्षांची बहीण भरवते. तिथे अन्न असूनही मुलाच्या पोटात पुरेसे जात नाही. तुमच्याकडे कोण भरवते, तेही पाहा.

प्रश्नकर्ती
दंडाचा घेर १२ सेंटिमीटर भरला. मुलीला सध्या ताप नाही. तरीही दवाखान्यात न्यावे का?

उत्तर (बेळगाव, निवृत्त बालरोगतज्ज्ञ)
न्यावे. ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम कुपोषण; तपासणी या आठवड्यातच करून घ्यावी आणि घरात कोणाला जुनाट खोकला असल्यास तो आवर्जून सांगावा. फार अशक्त मुलाला संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही, तेव्हा ताप नसण्यावर विसंबू नये. घेर ११.५ च्या खाली गेला, दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहू लागला किंवा तिने खाणे-पिणे सोडले, तर मात्र घरी ओआरएस पाजत थांबू नका. तीव्र कुपोषणात ते क्षार व पाणी हृदयाला झेपेलच असे नसते, म्हणून अशा मुलांना जिल्हा रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवून, मोजून-मापून वाढवावे लागते.