मदत हवी आहे: एकच लांब किमोनो ऑफिसात आणि संध्याकाळी कसा घालावा?

सेनेगलच्या दियारा बूसो यांच्या 'दियाराब्लू' या ब्रँडचा, समोरून मोकळा आणि पोटरीपर्यंत येणारा छापील किमोनो मी घेतला आहे. गणिताच्या शिक्षिका राहिलेल्या बूसो समीकरणांवरून नक्षी घडवतात, म्हणून निळ्या रेषांची ती नक्षी झाकली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. काळ्या पँटवर तो मोकळा सोडला, तर माझ्या ५ फूट १ इंच उंचीमुळे मी आणखी बुटकी दिसते. रुंद पट्टा बांधला, तर कमरेशी चुण्या पडून रेषा तुटतात. किमोनो कापून आखूड करायचा नाही, उंच टाचांनी पाय दुखतात आणि ऑफिसात बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. अशा वेळी आत नखशिखांत एकाच रंगाचे कपडे घालावेत, की पट्ट्याऐवजी बारीक गोफ बांधावा, आणि संध्याकाळी त्यावर चांदीची ठुशी शोभेल का?