मानेतील चकती: शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का?

प्रश्न: आईच्या मानेतील पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आल्याचे एमआरआयमध्ये दिसते. हात फारसा दुखत नाही, पण महिनाभर तिला स्वतःच्या कपड्यांची बटणे लावता येत नाहीत. शस्त्रक्रियेसाठी थांबले तर चालेल का?

प्रतिसाद १: केवळ हात दुखत असता, तर औषधे आणि व्यायाम यांवर ६ आठवडे थांबता आले असते, कारण नस दबल्याने होणारे दुखणे बहुतेकांचे शस्त्रक्रियेविना कमी होते, परंतु बोटांची सफाई जाणे हे मज्जारज्जू दबल्याचे लक्षण आहे आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. कृपया थांबू नका.

प्रतिसाद २: माझी हीच शस्त्रक्रिया झाली आहे. गळ्याच्या पुढून छेद घेऊन, श्वासनलिका व अन्ननलिका बाजूला सारून चकती काढली आणि दोन्ही मणके सांधले. पहिले काही दिवस पाण्याचा घोटही घशात अडखळत होता, आवाज बसला होता. मला हे आधी कोणी सांगितले नव्हते, म्हणून मुद्दाम लिहितो. मणके सांधण्याऐवजी कृत्रिम चकती बसवली तर मानेची हालचाल टिकते, मात्र मणक्यांचे सांधे फार झिजले असल्यास ती सहसा बसवत नाहीत.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते.