वळिवड्याची छावणी आणि सोयीचा इतिहास

युद्धाचा इतिहास जेते लिहितात, हे नेहमी मांडले जाणारे मत मला अपुरे वाटते. जेत्यांची विचारसरणी कोणती, यावरही तो बदलतो. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. ते हिटलरपासून पळून आले असावेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते. युद्धानंतर पोलंडमध्ये साम्यवादी सत्ता आली आणि ही हकिकत उघडपणे सांगणे अशक्य झाले, कारण मुक्तिदाता म्हणून गौरवली जाणारी सोव्हिएत लाल सेना १९३९ मध्ये हिटलरशी झालेल्या करारानंतर त्याच देशात घुसली होती, हे मग मान्य करावे लागले असते. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी १९४० मध्ये केलेले सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व कैद्यांचे कातिन हत्याकांड तर मॉस्कोने १९९० पर्यंत जर्मनांच्याच माथी मारले. अर्थात हा दोष केवळ डाव्यांच्या पदरी टाकणेही सोयीचेच ठरेल. लोकशाहीसाठी लढत असल्याचे सांगणाऱ्या ब्रिटिश सरकारनेही स्टालिन दुखावू नये म्हणून युद्धकाळात कातिनबाबत मौन पाळले होते.